करवंटीतलं भात

ज्या बाईला चहा उकळेपर्यंत धीर निघत नाही, तिला मुलांना मनःशांती शिकवायला निवडावं, यात त्या बाईची काही चूक नाही. निवडायला दुसरं कोणी नव्हतं, इतकंच. पेडणे तालुक्यातल्या आमच्या मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका मी, मुख्याध्यापिका मी, आणि घंटेचा लोलक हरवल्यापासून घंटाही मीच. माझा आवाज खालच्या वाड्यापर्यंत ऐकू जातो. मुलं मला अर्चना टीचर म्हणतात, पालक माझ्यामागे काय म्हणतात ते मला माहीत आहे.

त्यासाठीचं शिबिर पणजीला होतं. थंडगार खोली, खाली बसायला मऊ गाद्या आणि शिकवायला एक बाई, ज्यांचा आवाज त्या गाद्यांहून मऊ होता. त्यांनी प्रत्येकाच्या तळहातावर एकेक काजूगर ठेवला आणि सांगितलं, डोळे मिटा, हा जिभेवर ठेवा, आणि अगदी सावकाश, त्याच्यामागचे सगळे हात आठवत खा. मी गोव्याची. काजू दिसला की तो पोटात जातो, मधे आठवायला वेळच नसतो. बाकीचे सगळे भक्तिभावाने चघळत असताना मी रिकामं तोंड हलवत बसले. पण दुपारच्या सत्रात मात्र काय झालं कोण जाणे, मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले. शेजारच्या सत्तरीच्या मास्तरांनी मला रुमाल दिला. स्कूटरवरून परत येताना एका बसवाल्याने मला कट मारला, तर मी त्याचंही मनातल्या मनात भलं चिंतलं. हे म्हापशापर्यंत टिकलं. पुढे अस्नोड्याच्या पुलावर दुसऱ्या बसवाल्याने तेच केलं, तेव्हा माझं जुनं मन परत आलं.

तरी मी भारावलेली होते हे खरं. पद्धत सोपी होती. प्रत्येक मुलाने एक बी पेरायचं. रोज शांत बसून पाणी घालायचं आणि मातीचे, पाण्याचे, उन्हाचे, अन्नाचे आभार मानायचे. बी रुजता रुजता मूल कृतज्ञ होतं आणि त्याचं मन जागेवर येतं. शेवटी त्या बाई स्वतः येऊन रोपं बघणार होत्या, आणि चांगली झाली तर इतर शाळांना आमचं उदाहरण देणार होत्या. हे शेवटचं वाक्य मी दोनदा विचारून पक्कं करून घेतलं.

बियाणं शिबिरातच मिळत होतं, झेंडूचं. मी नाक मुरडलं. आमच्या डिचोलीच्या घरी अजून थोडी भातशेती आहे. ती सासूबाई आणि दीर बघतात, मी फक्त खाते. पण ओळख करून देताना मी ‘आम्ही शेतकरी माणसं’ असं म्हणून बसले होते, आणि त्यानंतर झेंडूचं पाकीट घेऊन जाणं शोभलं नसतं. रविवारी सासूबाई भजनाला गेल्या होत्या. मी पडवीत गेले, दाराजवळच्या पोत्यात हात घातला आणि पिशवीभर भात काढून घेतलं. कोणाला विचारलं नाही. आपल्याच घरात काय विचारायचं?

दुसऱ्या दिवशी शाळेमागच्या फणसाखाली आमची कृतज्ञता सुरू झाली. कुंड्यांऐवजी करवंट्या. वाड्यावर नारळ घरोघरी, त्यामुळे मुलांनी एकेकीऐवजी तीन-तीन आणल्या. मांडी घालून बसा, डोळे मिटा, असं सांगितलं तर गौरेश जानकीला ढोसत होता, जानकी हसत होती आणि पहिलीतली दोघं माती खात होती. “शांत व्हा!” मी ओरडले. फणसावरचे कावळे उडाले. मुलं घाबरून शांत झाली आणि मला वाटलं, जमतंय.

मग मी मऊ आवाज काढला. म्हटलं, जी माती आपल्या बीला जागा देणार आहे, तिचे आपण आभार मानूया.

“व्हय म्हाराजा,” गौरेश म्हणाला.

त्याचा दोष नव्हता. त्याचे आजोबा गावच्या देवळात गाऱ्हाणं घालतात. देवापुढे उभं राहून एकाने एकेक मागणं मोठ्याने सांगायचं आणि जमलेल्या सगळ्यांनी त्यावर ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, हे ते पोर पाळण्यात असल्यापासून ऐकत आलंय. बाकीच्या मुलांनाही ते तोंडपाठ. पाण्याचे आभार म्हटलं, सगळा वर्ग ओरडला, व्हय म्हाराजा. उन्हाचे आभार, व्हय म्हाराजा. मी डोळे उघडून सगळ्यांना झापलं. हे गाऱ्हाणं नाही, ही कृतज्ञता आहे, दोन्हींत फार मोठा फरक आहे. फरक काय, असं जानकीने विचारलं, आणि मी तिला म्हटलं, तू आधी पाणी घाल.

भात वाटताना गौरेशने मूठ नाकाशी नेली आणि म्हणाला, ह्याका वास येता टीचर. मी म्हटलं, तो आपल्या मातीचा वास, त्याला नमस्कार कर. त्याने केला.

सगळ्यांनी दाणे पेरले. त्यानंतर तिसरीतल्या अंकिताने हात वर केला. अंकिताचा बाप संतोष चंदगडकडचा. विमानतळाकडे एक हॉटेल बांधतायत तिथे तो सेंट्रिंगच्या कामावर आहे, आणि आमच्या शाळेमागे भाड्याच्या खोलीत राहतो. तिची आई वर्षा दिवाळीत धाकट्याला घेऊन तिकडेच माहेरी गेली ती परत आलेली नव्हती. का, ते कोणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं, कारण मला वाटायचं, न विचारणं हाच मोठेपणा.

“टीचर,” अंकिता म्हणाली, “बी उगवलं की आई येईल काय?”

यावर कुठल्याही शहाण्या माणसाने तिला जवळ घेतलं असतं किंवा निदान विषय बदलला असता. पण मी शिबिरातून आलेली होते. मी म्हटलं, “तू मनापासून कृतज्ञ राहिलीस ना, तर बी उगवणारच. आणि बी उगवलं की सगळं येतं.” हे वाक्य शिबिरातलंही नव्हतं, माझं स्वतःचं होतं. मला ते इतकं आवडलं की मी आत जाऊन ते फळ्यावर लिहिलं. खाली आणखी एक ओळ लिहिली: पाणी घालताना मन भरकटलं तर बीला कळतं. ही ओळ मुलांनी पाणी घालताना मस्ती करू नये म्हणून होती. गंमत म्हणजे तिचा उपयोग झाला. मुलं एकदम चिडीचूप पाणी घालू लागली, आणि मी शांत वर्गाचा फोटो शिबिराच्या ग्रुपवर टाकला. अंगठ्यांचा पाऊस पडला.

भात ओल्या मातीत चार-पाच दिवसांत डोकं वर काढतं. शेतकऱ्याच्या सुनेला एवढं माहीत असतं. आमचं काढेना. आठवडा गेला. मी मुलांना सांगितलं, प्रत्येक बीची आपली वेळ असते, आपण घाई करायची नाही. हे सांगताना मी स्वतः रोज सकाळी स्कूटर लावून हेल्मेटसकट थेट फणसाखाली धावायचे आणि ओणवी होऊन करवंट्यांमधे डोळे घालायचे. आणखी काही दिवसांनी करवंट्यांना आंबूस वास सुटला. मी म्हटलं, माती जागी होतेय. हे मी इतक्या खात्रीने म्हटलं की मलाही पटलं.

मग मुलं एकेक करून माझ्या टेबलाशी येऊ लागली. आधी गौरेश आला. पाणी घालताना आपलं मन घरी शिजणाऱ्या बांगड्याच्या हुमणाकडे गेलेलं, असं त्याने खाली मान घालून सांगितलं. दोनदा गेलेलं. मग जानकी. तिने भावाच्या वाटणीचा लाडू खाल्ला होता आणि लाडवाचे आभारही मानले नव्हते. पहिलीतल्या एकाला काही आठवेना, तो नुसताच रडला. मला काय वाटायला हवं होतं? मला अभिमान वाटला. मुलं आत्मपरीक्षण करतायत, असं मी ग्रुपवर लिहिलं.

अंकिता टेबलाशी आली नाही. ती फक्त बदलली. पूर्वी ती मधल्या सुट्टीत शाळेतला पाव-भाजीचा खाऊ घ्यायची आणि घरची भाकरी डब्यात तशीच परत न्यायची. आता ती पाव घेईना. बापाने केलेली, एका बाजूने करपलेली, दुसऱ्या बाजूने कच्ची भाकरी ती कण न सांडता खायची. सांडलाच तर जमिनीवरून बोटाने टिपून तोंडात घालायची. खायच्या आधी हात जोडायची, खाऊन झाल्यावर परत जोडायची. मी लपून तिचा फोटो काढला, चेहरा दिसणार नाही असा, आणि खाली लिहिलं, कृतज्ञतेचं जिवंत उदाहरण. पणजीच्या बाईंनी त्यावर फुलं पाठवली आणि कळवलं की त्या येत्या शुक्रवारी आमची रोपं बघायला येतायत.

रोपं!

त्या बुधवारी मधल्या सुट्टीत मी माझा डबा उघडला. सकाळी दहाला मला पेज लागते, उकड्या तांदळाची, बरोबर लोणच्यातली कैरी. ती नसली तर मी अकरापर्यंत कोणाला तरी मारते. पेज पिता पिता माझी नजर फणसाखाली गेली, आणि जे मी मुलांना कधीही करू नका म्हणून बजावलं होतं ते मी केलं. एका हातात पेजेचं भांडं तसंच धरून मी गेले, माझ्या स्वतःच्या करवंटीत बोट खुपसलं आणि एक दाणा बाहेर काढला. तो फुगलेला होता, पण मोड नव्हता. नखाने त्याचं टरफल सोललं. आतून पिवळट, तांबूस रेघेचा, आरपार दिसेल असा तांदूळ निघाला.

मी त्या तांदळाकडे बघितलं. मग हातातल्या पेजेकडे बघितलं. तिच्यातही तोच होता.

आमच्याकडे भात सालीसकट उकडतात, अंगणात वाळवतात आणि मग गिरणीला नेतात. उकडल्यावर ते दिसायला जवळजवळ तसंच दिसतं, साल तशीच असते, पण त्यातलं बी शिजून गेलेलं असतं. ते उगवणं शक्य नाही. बियाण्याचं भात सासूबाई माळ्यावर वेगळं बांधून ठेवतात, हे मला लग्न झाल्यापासून माहीत आहे, आणि ते माळ्यावर ठेवताना खालून शिडी मीच धरते. दाराजवळचं पोतं गिरणीला जायला निघालेलं होतं. म्हणजे गेले कित्येक दिवस मी शाळाभर पोरांना शिजलेल्या भातापुढे डोळे मिटून बसवत होते, त्याचे आभार मानायला लावत होते, आणि वर तुमचं मन भरकटतं म्हणून सांगत होते. मी पेज टाकून दिली. आयुष्यात पहिल्यांदा.

तरी तुम्हाला वाटत असेल की मी तिथल्या तिथे मुलांना बोलावून खरं सांगितलं, तर तुम्ही मला ओळखत नाही. मला आधी शुक्रवार दिसला. पणजीच्या बाई दिसल्या, ग्रुपवरचे अंगठे दिसले, आणि ‘आम्ही शेतकरी माणसं’ म्हणणारी मी दिसले. गुरुवारी संध्याकाळी घरी जाताना रस्त्यालगत वायंगणाचं शेत लागलं. उन्हाळी भाताच्या रोपांचा तरवा हिरवागार उभा होता. बांधावर कोणी नव्हतं. असतं तर विचारलं असतं, असं मी स्वतःला सांगितलं. चपला काढल्या, साडी खोचली, मूठभर रोपं उपटली आणि ओल्या रुमालात गुंडाळून डिकीत ठेवली. शुक्रवारी मुलांच्या आधी यायचं आणि करवंटीत एकेक खोचायचं. मुलं खूश, बाई खूश, अंकिताही खूश. सगळ्यांचं भलंच होणार होतं. शिबिरात सांगितलेला दीर्घ श्वास मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट घेतला.

शुक्रवारी सकाळी शाळेच्या फाटकाशी संतोष उभा होता. सिमेंटने भरलेले बूट, हातात डबा. कामाला उशीर होत होता तरी थांबला होता. मला वाटलं फीबद्दल काही असेल, मग आठवलं आमच्याकडे फी नाही.

तो म्हणाला, टीचर, तुम्ही पोरीला काय शिकवलंय? तो भांडायला आलेला नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. पोरगी झोपेतून उठून बसते, म्हणाला. करपलेली भाकरी टाकू देत न्हाई. तव्याला हात जोडते. मी कौतुकाने काहीतरी बोलणार होते, पण तो थांबला नव्हता.

“आईचा फोन आला तर घेत न्हाई,” तो म्हणाला. “आधी रोज बोलायची. आता म्हणते बी उगवल्यावर बोलते. का म्हणून लई विचारलं, तर काल रडली. आई गेली त्या सकाळी हिनं भाकरी फेकलेली. म्हणालेली, तुझी भाकरी नको, पोरांसारखा पाव पाहिजे. हिला वाटतंय आई त्याच्यापायी गेली. आणि बी उगवत न्हाई म्हणजे अजून देवानं माफ केलं न्हाई.” त्याने बुटाकडे बघितलं. “ती माझ्याशी भांडून गेली, टीचर. पोरीचं त्यात काय न्हाई. पण मी सांगितलं तरी ती मानत न्हाई. म्हणते फळ्यावर लिहिलंय.”

लाज वाटली असं लिहिणं सोपं आहे. मला भीती वाटली. मी गंमत म्हणून, वर्ग गप्प राहावा म्हणून एक ओळ लिहिली होती, आणि एक सात-आठ वर्षांची पोर रात्री उठून बसून ती ओळ जगत होती. तिच्या करपलेल्या भाकरीचा फोटो मी चार माणसांत मिरवला होता. ज्याला मी कृतज्ञता म्हणत होते ती शिक्षा होती, आणि ती शिक्षा तिला मी दिली होती.

आणि डिकीत हिरवी रोपं होती. ती खोचली असती तर अंकिताला वाटलं असतं, माफ झालं. आई मग आली नसती तर? तर तिने आणखी काहीतरी शोधलं असतं, स्वतःत चुकलेलं. मी संतोषला म्हटलं, आज अर्धा दिवस थांबा, तुमच्या मुकादमाला मी फोन करते. मुकादमाला मी माझ्या नेहमीच्या आवाजात फोन केला, तो लगेच हो म्हणाला. रोपं डिकीतच राहिली.

पणजीच्या बाई आल्या तेव्हा मुलं फणसाखाली आपापल्या करवंटीमागे रांगेत बसली होती. सगळ्यांचे चेहरे परीक्षेत नापास झाल्यासारखे. बाईंनी रिकाम्या करवंट्या बघितल्या, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या मऊ आवाजात म्हणाल्या, सावकाश, सावकाश. मी मुलांपुढे उभी राहिले. रात्रभर जुळवलेलं भाषण माझ्याकडे नव्हतंच, कारण रात्रभर मी रोपं कुठे खोचायची ते जुळवत होते. मी सुरुवात केली, “मुलांनो, आज मला तुम्हाला एक सांगायचं आहे.”

“व्हय म्हाराजा,” गौरेश सवयीने म्हणाला, आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

मी त्याच्याकडे बघितलं. आणि मला वाटलं, हेच बरं. भाषण मला जमणार नव्हतं, गाऱ्हाणं जमेल. गावच्या जत्रेत मीही ते ऐकत आलेय. मी हात जोडले.

“बा देवा म्हाराजा,” मी म्हटलं, “ह्या शाळेच्या टीचरीन पोरांक पेरूक भात दिलां.”

“व्हय म्हाराजा,” मुलं म्हणाली, जराशी घाबरत.

“तां भात उकडलेलां होतां.”

मग मागून जानकी म्हणाली, “उकडलेलां?” आणि मग तिचं तिलाच कळून ती ओरडली, “व्हय म्हाराजा!”

“टीचरीन खंयच्या पोत्यातलां काढलां तां बघूक नाय.” व्हय म्हाराजा. “गौरेशान वास येता म्हणान सांगलां, तर त्याकाच नमस्कार करूक लायलो.” व्हय म्हाराजा, गौरेशचा आवाज सगळ्यात मोठा. “उकडलेलां भात कोणीय पेरलां, कितीय हात जोडले तरी उगवना नाय. पोरांचां मन हुमणाकडे गेलां म्हणान नाय, लाडू खाल्लो म्हणान नाय. चूक टीचरीची, पोरांची नाय. टीचरीन फळ्यार लिवलां तां खोटां.” इथे मी थांबले, पण मुलं थांबली नाहीत. त्यांना आता लय सापडली होती. व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा, कावळे परत उडाले. पणजीच्या बाई डोळे मिटून बसल्या होत्या. त्या ध्यान करत होत्या की हसू दाबत होत्या, ते मी आजही ठामपणे सांगू शकत नाही.

मी आत गेले आणि फळा पुसला. बाहेर आले तेव्हा गौरेश करवंटीतले दाणे सोलून सगळ्यांना दाखवत होता. अंकिता तिच्या जागेवरून हललेली नव्हती. मी तिच्यासमोर मातीत बसले. संतोष तिच्यामागे उभा होता.

“मी भाकरी टाकलेली म्हणून न्हाई?” तिने विचारलं.

“नाही.”

“मन कुठं गेलेलं म्हणून बी न्हाई?”

“नाही गं. ते भात मी आणलं तेव्हाच मेलेलं होतं. तू काहीही केलं असतंस, किंवा काहीच केलं नसतंस, तरी ते असंच राहिलं असतं.”

ती करवंटीकडे बघत राहिली. एवढे दिवस तिने तिथे किती पाणी आणि किती क्षमा ओतली असेल ते मला मोजवेना. मग तिने मान वर केली आणि विचारलं, “मग आई का येत न्हाई?”

फळ्यावर लिहिण्यासारखं एकही वाक्य मला सुचलं नाही, आणि त्याबद्दल मी अजूनही देवाची आभारी आहे. मी संतोषकडे बघितलं. तो पोरीशेजारी उकिडवा बसला.

“माझ्यापायी,” तो म्हणाला. “मी वाईट बोललो तिला. तुझ्यापायी न्हाई.” आणि त्याने खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि तिच्या हातात दिला.

अंकिताने फोन कानाला लावला. पलीकडून हॅलो, हॅलो झालं. मी उठून जायला हवं होतं, पण माझा सजगतेचा अभ्यास कच्चाच आहे, मी तिथेच बसून ऐकलं. मला वाटलं, आता ती माफी मागेल, भाकरीचं बोलेल, किंवा रडेल.

“आई,” ती म्हणाली, “आमच्या टीचरनं उकडलेलं भात पेरलं.”

पलीकडून काहीतरी प्रश्न.

“व्हय, उकडलेलं. भात शिजवलेलं गं. आणि रोज आमाला हात जोडायला लावले.” तिने माझ्याकडे बघितलं, आणि मी बघत असताना ते पोर हसलं. पुढचे दोन दात पडलेले होते, ते मला तोवर माहीतही नव्हतं. “आणि वास आला तर म्हणे माती जागी होतेय.”

फोनमधून हसण्याचा आवाज आला. अगदी माझ्यापर्यंत ऐकू आला, चंदगडच्या कुठल्याशा घरातून. अंकिता आणखी सांगत सुटली. हुमणाचं सांगितलं, लाडवाचं सांगितलं, मधेच फेकलेल्या भाकरीचंही सांगितलं, टीचरने देवापुढे कसं कबूल केलं त्याची नक्कल करून दाखवली, व्हय म्हाराजासकट. संतोष तोंड फिरवून फणसाकडे बघत होता. खोडात बघण्यासारखं काही नव्हतं.

मग तिने फोन माझ्यापुढे धरला. “टीचर, आईला खरं वाटत न्हाई. तुमीच सांगा.”

मी फोन घेतला. ज्या बाईबद्दल मी मोठेपणाने काहीच विचारलं नव्हतं, तिच्याशी माझं हे पहिलं बोलणं. मी म्हटलं, “होय हो वर्षाताई, उकडलेलंच होतं. माझ्याच घरचं.”

ती परत हसली. खूप दिवसांत हसलेली नसावी, मधेच तिला ते कसं थांबवायचं कळेना, आणि हसता हसता तिचा श्वास अडखळायला लागला. मग ती हसत नव्हती. नाक ओढत ती म्हणाली, पोरीला द्या, तिला सांगायचंय, माझ्या भाकरीला कोणी काही बोललं तर मला राग येत नाही म्हणावं.

मी फोन अंकिताच्या हातात दिला, आणि मागे उभ्या असलेल्या पणजीच्या बाईंना म्हटलं, त्या झेंडूच्या बिया अजून असतील तर द्या. मग मी एकेक करवंटी उचलून फणसाच्या बुंध्याशी रिकामी करत गेले.